रविवारचं माप

फोवेत हे खरं तर पाखराचं नाव.
मुठीत मावेल एवढ्या, करड्या, झुडपात गाणाऱ्या.
आमच्या फोवेतचं वजन नऊशे किलो,
पुठ्ठे असे की वर पिठाची परात ठेवावी, हलायची नाही.
सेमुआ नदीच्या वरच्या अंगाला, जिथं यंत्रांची चाकं रुततात,
तिथून ती बीचचे ओंडके ओढून आणते
फिर्मांच्या नुसत्या हाकेवर. लगाम नावाला.

त्या शनिवारी फिर्मां नामूरला गेला, मित्राच्या लग्नाला.
"दाणा निम्मा," दारातून म्हणाला बहुतेक.
बहुतेक.
मी तेव्हा एक बूट शोधत होते.

दोन दिवस काम नाही. धुकं.
तिनं दारावरून मान काढली की मी आत जायचे,
खरारा करायचे, नि तोबऱ्यात
कामाच्या दिवसाचं पुरतं माप, वर एक ओंजळ.
आमच्या घरात माया अशीच मोजतात.
आई गेली त्या आठवड्यात
शेजारणींनी केवढी भांडी आणली होती, झाकणं बसत नव्हती.

सोमवारी पहिला ओंडका तिनं सहज आणला.
दुसऱ्याला अर्ध्या उतारावर थांबली.
फिर्मांनं हाक दिली. कान वळले, पाय नाही.
नोव्हेंबरच्या थंडीत असा घाम की साज काळा पडला.
मांड्या थरथरल्या,
मग थरथरायच्याही थांबल्या.
मी हात ठेवला:
तिथं घोडी नव्हती, फळी होती.

"पोटात कळ असेल," ओनोरे म्हणाला, "पाय मोकळे कर तिचे."
म्हणून आम्ही तिला चालवलं.
सात पावलं. मी मोजली. अजून मोजते.
आठवं पडलंच नाही. ती तिथंच मुतली, वाळल्या पानांवर,
आणि ते कॉफीसारखं होतं,
सकाळच्या किटलीत तळाला उरलेल्या.

डॉक्टर कोलिन्यों आल्या, गुडघाभर चिखलातून.
"आता एक पाऊलही नाही. इथंच उभी राहू दे."
स्नायू आतून फुटतायत, म्हणाल्या,
तेच मूत्रपिंडातून वाहतंय.
सलाईनची पिशवी फांदीला टांगली,
रक्त घेतलं, आयाळीचे काही केस मुळासकट.
मग विचारलं, दोन दिवस हिला काय घातलंत?

घोडं पेंड खात होतं ते इथं.

मी मापाचा डबा दाखवला.
फिर्मां माझ्याकडं बघेना. डब्याकडं बघत राहिला.
"जुने गाडीवान याला सोमवारचं दुखणं म्हणायचे,"
डॉक्टर सुई पुसत म्हणाल्या. रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर बरं.

रात्रभर तिघं जंगलात. तिच्यावर आमच्या सगळ्या घोंगड्या.
पहाटे पिशवी बदलायला उठले तर
पानांवरचा डाग फिका होता.
मी दिवा खाली धरून पुन्हा पाहिला, कुणी सोनं बघावं तसा.

केसांचा निकाल तीन आठवड्यांनी आला.
दोष रक्तातलाच, आईबापाकडून आलेला:
स्नायू साखर साठवतात भरमसाट
आणि खर्चायची वेळ आली की आखडतात.
उपाशी हिवाळ्यांत हिच्या कुणा पणजीला
त्यानंच तगवलं असेल,
असेल हं, डॉक्टर म्हणाल्या, सिद्ध कुणी केलेलं नाही.

आता ओट बंद. गवत तोलून, त्यावर तेलाचा पेला.
आणि सुटी नाही.
फादर रेमाकल विचारतात, मिस्साला दिसत नाहीस?
म्हटलं, घोडीला फिरवते.
"विसाव्याचा दिवस देवानं गुरांनाही दिलाय."
दिलाय, फादर. माप नाही सांगितलं.

नदीपलीकडं घंटा वाजते तेव्हा आम्ही पुलावर असतो.
ती चालता चालता माझ्या खिशाला नाक लावते.
तो खिसा मी शिवून टाकलाय, जाड दोऱ्यानं, दोनदा.
तरी लावते.
वास राहिला असेल अजून.